वेबपानातल्या लिंक काढायच्या: रेजेक्स की पार्सर?

पानं एकाच साच्यातली असतील, म्हणजे सर्व्हरची फाइल-यादी किंवा आपल्याच प्रोग्रॅमने बनवलेला अहवाल, तर रेजेक्स (मजकुरात ठरावीक नमुना शोधायची पद्धत) पुरतो. एचरेफ (टॅगमध्ये लिंकचा पत्ता देणारा शब्द), बरोबरचं चिन्ह, दुहेरी अवतरण, मग 'अवतरण सोडून काहीही': एवढा नमुना ग्रेप या शोधाच्या कमांडला 'ओ' पर्यायासह (फक्त जुळलेला भाग दाखवणारा) दिला की काम झालं. 'काहीही'साठी डॉट-स्टार (.*) मात्र नको. तो हावरट असतो. ओळीत तीन लिंक असल्या तर पहिल्या अवतरणापासून शेवटच्यापर्यंत सगळं एका घासात गिळतो.

बाहेरची पानं आली की गणित फिसकटतं. एचटीएमएलमध्ये अवतरण एकेरी चालतं, काही वेळा नसलं तरी चालतं; बरोबरच्या चिन्हाभोवती मोकळी जागा किंवा कॅपिटल अक्षरंही चालतात. त्यासाठी नमुना वाढवता येईल. पण कॉमेंटमध्ये झाकलेली जुनी लिंक, स्क्रिप्टमधली स्ट्रिंग, डेटा-एचरेफ, स्टाइलशीटचा पत्ता हे सगळं रेजेक्सला खऱ्या लिंकसारखंच दिसतं.

पार्सर म्हणजे पानाची रचना ओळखून वाचणारं साधन. पायथनच्या ब्यूटिफुल सूपकडे 'एचरेफ असलेले ए टॅग' (म्हणजे लिंकचे टॅग) मागितले की हा कचरा आपोआप गळतो. पत्त्यात अँपरसँडच्या (&) जागी लिहिलेला एंटिटी कोडही (&) उलगडून मूळ चिन्ह मिळतं. रेजेक्सवाले नेमके इथे फसतात आणि दोन पॅरामीटर असलेली लिंक मोडते. पार्सर संथ असतो, हे खरं. हजारो पानं असतील तर आत एलएक्सएमएल हा वेगवान पार्सर वापरा.

सापेक्ष पत्ते (साइटचं नाव न लिहिलेले) दोन्हीकडे अर्धवटच मिळतात. ते पायथनच्या यूआरएलजॉइनने पानाच्या पत्त्याला जोडा, पण आधी बेस टॅग बघा: त्यात एचरेफ असेल तर पानाच्या पत्त्याऐवजी तोच पाया धरायचा.