पहाटे साडेचारची गाडी: ठाणे ते अंबरनाथ, सात फेऱ्यांनंतर

पहाटेच्या टूरचा पास संपला. नोव्हेंबर ते मे, महिन्याला एक रविवार, अशा सात फेऱ्या. मी आणि माझ्या सासूबाई. माणशी फेरीला ७०० रुपये, म्हणजे दोघींचे ९,८०० एकदम भरले होते. तेव्हा बोलायचा हक्क आहे असं समजते. टूरवाल्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि पोरगा तसा वाईट नाही. पहिल्या फेरीनंतर लगेच लिहायला बसले असते तर पाचपैकी दीड तारा देऊन मोकळी झाले असते.

जाहिरातीत होतं ‘सूर्योदय दर्शन’. तीन हात नाक्याहून साडेचारला टेम्पो ट्रॅव्हलर सुटणार, अंबरनाथजवळ उगवता सूर्य, मग प्राचीन शिवमंदिर, येताना खिडकाळेश्वराचं देऊळ आणि कल्याणचा दुर्गाडी किल्ला, अकरापर्यंत घरी. आम्ही पाचपाखाडीत राहतो, नाका चालत दहा मिनिटांवर. आईंना (सासूबाईंना) वर्षानुवर्षं सोमवारी कोपिनेश्वराला जायची सवय. गुडघ्यांमुळे ते कमी झालं, म्हणून म्हटलं, बसून जाण्यासारखं काहीतरी बघू.

गाडी साडेचारला सुटते हे अर्धसत्य आहे. ती तीन हात नाक्याहून सुटते आणि कळवा नाक्यावर थांबते. तिथले एक काका सातही फेऱ्यांना उशिरा आले आणि सातही वेळा हसतच चढले. त्यानंतर मात्र मुंब्रा बायपास, शिळफाटा, कटई असं सुरळीत जातं. ज्या कल्याण-शीळ रस्त्यावर एरवी पलावापाशी माणसाचं वय वाढतं, तिथून त्या वेळी गाडी सरळ निघते. पैशांतला थोडा भाग या रिकाम्या रस्त्याचा आहे असं मी धरून चालते.

आता मुख्य तक्रार. सूर्य रोज एकाच वेळी उगवत नाही हे टूरवाल्याला माहीत नाही किंवा माहीत असून पटत नाही. आपल्याकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्योदय ६:४० च्या सुमारास होतो. जानेवारीच्या मध्यात सव्वासात होतात. मेअखेर सहा वाजून एक-दोन मिनिटं. गाडी मात्र बारमाही साडेचारची. साडेपाचला आपण पोचतो. जानेवारीत आम्ही पावणेदोन तास काकोळ्याच्या बाजूला रस्त्याच्या कडेला, स्वेटर घालून, बंद टपरीसमोर उभ्या होतो. आईंनी गाइड पोराला विचारलं, “बाळा, डिसेंबरात दिवस सगळ्यात लहान होता ना, मग आता लवकर उगवायला नको का?” त्याला उत्तर आलं नाही, मलाही नाही. घरी येऊन वाचलं. सगळ्यात छोटा दिवस २१-२२ डिसेंबरचा हे खरं, पण सूर्याची घड्याळी दुपार त्या दिवसांत रोज थोडी पुढे सरकत असते, म्हणून सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला येतो. म्हणजे ज्या महिन्यात आरामात पावणेसहाला निघता आलं असतं, त्याच महिन्यात आम्ही सर्वांत जास्त कुडकुडलो.

शिवाय तो सूर्योदय. जिथे उभं करतात तिथून जुन्या जीआयपी टँकचं पाणी दिसतं. हा तलाव रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या काळात पाण्यासाठी बांधलेला. दक्षिणेकडे उजाडताना मलंगगड दिसू लागतो, तो मात्र सुंदर. सूर्याचं म्हणाल तर सातांपैकी दोनदाच स्वच्छ उगवला. बाकी वेळा धुरकटातून बराच वर आल्यावर, शिळ्या पापडासारखा दिसला. औद्योगिक पट्टा आहे, दुसरं काय होणार. फोटोसाठी जाणार असाल तर अपेक्षा कमी ठेवा.

आणि मंदिर! पहिल्या फेरीला माझा राग इथे शिगेला पोचला. सूर्योदयाचं म्हणून नेलं आणि देऊळ निघालं पश्चिमाभिमुख. नंदी, दर्शनी मुखमंडप, सगळे जण सेल्फी काढतात ती बाजू, सगळं सावलीत काळंमिट्ट. मागून ऊन, पुढे अंधार. मी तिथेच म्हटलं, हे म्हणजे वरातीला बोलावून पाठमोरा नवरदेव दाखवल्यासारखं झालं.

गाइड पोराने तेव्हा सांगितलेली माहिती अशी: पांडवांनी एका रात्रीत, एकाच दगडातून बांधलं. गोष्ट म्हणून छान आहे, माझ्या आजीनेही ती सांगितली होती. पण उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर शिलालेख आहे आणि त्यात शके ९८२ कोरलंय. अठ्ठ्याहत्तर मिळवा, १०६० साल येतं. उत्तर कोकणचे शिलाहार राजे, छित्तराजाच्या काळी काम सुरू झालं असं मानतात, लेख त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या काळचा. या शिलाहारांचं श्रीस्थानक म्हणजे आपलं ठाणं. इथल्या राजांनी बांधलेलं देऊळ बघायला ठाण्याची माणसं पहाटे उठून जातात आणि त्यांना पांडव सांगितले जातात, याचं मला वाईट वाटलं. दुसऱ्या फेरीला मी त्याला बाजूला घेऊन हे सांगितलं. तिसऱ्या फेरीपासून तो स्वतःच “शके नऊशे ब्याऐंशी” असं ठसक्यात म्हणू लागला. पांडव पण ठेवलेत, शेवटी सांगतो. हरकत नाही.

आता दीड ताऱ्याचे चार तारे कसे झाले ते.

डिसेंबरच्या फेरीला आई म्हणाल्या, “मी आत जाऊन येते, तू चक्कर मार.” गाभाऱ्यात उतरायला वीसेक पायऱ्या आहेत, जमिनीच्या पातळीखाली. अभिषेकाचं पाणी सांडून त्या ओल्या असतात. आईंना गाइडने हात धरून नेलं, आणि हे त्याच्या खात्यात मी जमा धरते. प्रत्येक फेरीला, न सांगता. मी दक्षिणेच्या अंगाने वळले आणि थांबलेच. ऊन समोरून पडत नव्हतं, भिंतीला घासून जात होतं. हिवाळ्यात सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो, त्यामुळे देवळाच्या दक्षिण अंगाला तिरपी किरणं लागतात. या देवळाची भिंत सपाट नाही. कोपऱ्याला कोपरा, खाचेला खाच, अशी घडीच्या कागदासारखी दुमडलेली. त्या प्रत्येक दुमडीची एक कड उजळलेली आणि दुसरी काळी. हत्तींच्या ओळी, त्यांच्या वरची माणसं, नर्तकी, झिजून गेलेले चेहरे, हजार वर्षांच्या पावसाने गुळगुळीत झालेलं सगळं त्या तिरप्या उन्हात पुन्हा उठून आलं. बाराच्या उन्हात हीच भिंत मी लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिली होती. तेव्हा फक्त काळा दगड आठवतो आणि डब्यातली बटाट्याची भाजी.

वर शिखर बघा. खालून वर जाणाऱ्या नक्षीदार पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा, एकावर एक. या घडणीला भूमिज म्हणतात. शिखर वर जाता जाता मध्येच थांबलंय, माथा नाही. सकाळी त्या बारीक शिखरांची प्रत्येकाची वेगळी सावली पडते. अर्ध्या तासात सावल्या आखडतात आणि खेळ संपतो. साधारण सूर्योदयानंतर अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत, एवढाच वेळ. त्याआधी आजूबाजूची घरं आणि झाडं ऊन अडवतात.

म्हणजे गंमत अशी, की जाहिरात ज्याची आहे तो सूर्योदय फुसका आणि जाहिरातीत ज्याचा उल्लेखच नाही ते खरं.

फेब्रुवारीची फेरी वाया गेली. महाशिवरात्रीला लागून असलेला रविवार घेतला होता. अंबरनाथची जत्रा केवढी असते हे जिल्ह्यात कोणालाही विचारा. बॅरिकेड, रांगा, मंडप, भिंतीजवळ फिरकणं अशक्य. भाविक म्हणून गेलात तर आनंदच आहे, आई खूश होत्या, पण टूर म्हणून पैसे घेताना हे आधी सांगायला हवं होतं. बदली तारीख मागितली, मिळाली नाही. म्हणून मार्चमध्ये आम्ही एक जादा फेरी स्वतःच केली, लोकलने. ठाण्याहून पहाटेची अंबरनाथ नाहीतर कर्जत लोकल, पाऊण तास, पूर्वेला उतरून रिक्षा. सातशेच्या जागी किरकोळ खर्च. धडधाकट माणसाला मी हेच सांगेन. गुडघेदुखीच्या माणसाला पुलाच्या पायऱ्या चढायला लावून नाही सांगणार.

एप्रिलपासून बदल दिसायला लागला. मार्चच्या विषुवदिनाला सूर्य बरोबर पूर्वेला असतो, त्यानंतर तो उत्तरेकडे सरकत जातो. मेच्या फेरीला मी सवयीने दक्षिण अंगाला गेले, तर तिथे सावली. आणि उत्तरेची भिंत, जी हिवाळाभर अंधारात होती, जिच्याकडे मी कधी नीट पाहिलंही नव्हतं, ती पूर्ण जागी. मी गाइडला हाक मारली. त्याने इतक्या फेऱ्या मारूनही हे पाहिलं नव्हतं. मग आम्ही तिघं, आई काठी टेकून, त्या बाजूने अगदी हळू गेलो. बाकीची मंडळी तोवर गाडीत बसून पोहे खात होती. पोह्यांबद्दल एक वाक्य: कोरडे, आणि ओलं खोबरं नाही.

हेच मे महिन्यात साडेचारची वेळ प्रथमच बरोबर वाटली. उभं राहावं लागलं जेमतेम अर्धा तास, साडेसहाच्या पुढे देवळात, नऊच्या आत बाहेर. त्यानंतर दगड तापतो, अनवाणी पायांना लगेच कळतं. जानेवारीत तोच दगड बर्फ असतो, मोजे घालून फिरायची परवानगी असेल तर बघा, आईंनी घातले होते, कोणी काही बोललं नाही.

वालधुनीबद्दल लिहायलाच हवं. देऊळ या नदीकाठचं. कारखान्यांच्या पाण्याने नदीची काय दशा झालीय ते वर्तमानपत्रांत वाचलेलं असतं, पण पहाटे वारा पडलेला असताना बेलाच्या पानांच्या वासाबरोबर तो दुसरा वास येतो तेव्हा वाचलेलं पुरत नाही. टूरमध्ये याबद्दल अवाक्षर नाही. परदेशातून आलेल्या भाच्याला घेऊन गेलेल्या एका बाईंनी विचारलं, “हे कसलं?” गाइडने “ड्रेनेज असेल” म्हणून वेळ मारून नेली.

बाकी ठिकाणांचं थोडक्यात. जाहिरातीत क्रम काही का असेना, खिडकाळेश्वर जाताना करतात, शीळ रस्त्यावरच, अंधारात. तळं दिसत नाही, घंटा ऐकू येते, दहा मिनिटांत पुन्हा गाडीत. मला ते आवडलं, आईंना घाईचं वाटलं. दुर्गाडी येताना, उल्हासनगर-कल्याण मार्गे. शिवाजी महाराजांनी कल्याण १६५७ मध्ये घेतलं आणि स्वराज्याचं आरमार इथल्या खाडीतून उभं राहायला लागलं, हे ऐकताना खाडीकडे बघायला बरं वाटतं, पण तोवर साडेनऊ वाजलेले, ऊन, भूक आणि पुढे भिवंडी बायपासचे कंटेनर. दोनदा आम्ही गाडीतच बसून राहिलो. अकरापर्यंत घरी हे सातांतून तीनदा खरं ठरलं. एकदा माजिवड्याला पाऊण तास अडकलो.

गाडी स्वच्छ असते. चालकदादा मोजूनमापून चालवतात, बायपासच्या उतारावर कंटेनरच्या मागे संयमाने राहतात, आणि गाणी लावत नाहीत. बायकांसाठी पहाटे स्वच्छतागृहाची सोय मात्र नाही. कटईजवळच्या पेट्रोल पंपावर थांबवा म्हणून दर वेळी मलाच सांगावं लागलं, ते वेळापत्रकातच असायला हवं.

परवा टूरवाल्याचा फोन आला. पावसाळ्यात बंद असतं, नोव्हेंबरचा पास आत्ता घेतला तर दहा टक्के सूट. मी म्हटलं, “सूट राहू दे, गाडीची वेळ महिन्याप्रमाणे बदलणार का? जानेवारीत पावणेसहा, मेमध्ये साडेचार?”

“ताई, साडेचार म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी खास आहे. पावणेसहा म्हटलं तर कोण येईल?”

मी फोनवर हात ठेवून आईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “जानेवारी वगळून सहाचे किती होतात, ते विचार त्याला.”