साठ अक्षांशाच्या वर बोट नेताय? मग विम्याचा कागद नीट वाचा

कॅनडात खासगी बोटीला विमा सक्तीचा नाही. त्यामुळे बरेच जण घराच्या पॉलिसीतच बोट बसवून मोकळे होतात. ओंटारियोत कॉटेजसमोरच्या तळ्यावर ते निभावतं. उत्तर कॅनडातल्या ग्रेट स्लेव्ह सरोवर, मॅकेंझी किंवा युकॉन नदीसाठी मात्र हा पर्याय सरळ बाद. घराच्या पॉलिसीत दायित्वाचं कव्हर (म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) सहसा २५ अश्वशक्तीच्या आउटबोर्डपर्यंतच, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या मोटरीपर्यंतच असतं, आणि बोटीच्या स्वतःच्या नुकसानीला फार तर काही हजार डॉलर मिळतात. उत्तरेत अठरा-वीस फुटी ॲल्युमिनियमची बोट आणि मागे ९० किंवा ११५ची मोटर हे नेहमीचं दृश्य. म्हणजे ज्या दिवशी मोटर चढवली, त्याच दिवशी दायित्वाचं कव्हर गेलं.

उरते स्वतंत्र बोट पॉलिसी. त्यातही ठरलेल्या किमतीची घ्या, म्हणजे बोट पूर्ण गेली तर आधी ठरलेली रक्कमच मिळते. घसारा वजा करणारी पॉलिसी थोडी स्वस्त पडते, पण जुन्या मोटरीचा क्लेम हातात येतो तेव्हा ती बचत कुठच्या कुठे जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं कलम: बोट बाहेर काढण्याचा खर्च. व्हाइटहॉर्सहून डॉसनला युकॉन नदीने जाताना मिंटो मागे पडलं की डॉसनपर्यंत सार्वजनिक रस्ता लागत नाही. मध्ये व्हाइट नदी येऊन मिळते आणि पाणी गाळाने राखाडी होतं. खालचा खडी-गोट्यांचा उथळा दिसत नाही, आणि तो दरवर्षी जागा बदलतो. बोट वेगात त्यावर चढली तर तळाला पोचा येतो, फार काही मोडत नाही, पण तोवर पाणी उतरलं की ती तिथेच कोरडी बसते. समजा दुरुस्ती ३,००० डॉलरची. ती बोट हलवायला दुसरी जेट बोट किंवा हेलिकॉप्टर लागलं, तर दुरुस्तीच्या कितीतरी पट खर्च तिथेच होतो. म्हणून ब्रोकरला नेमकं विचारा: हा खर्च बोटीच्या विमा रकमेतूनच वजा होणार की वेगळा मिळणार? रकमेतूनच जाणार असेल तर ४०,०००च्या बोटीवर २५,००० काढण्यात गेले की उरतात १५,०००. वेगळी मर्यादा देणारी पॉलिसी महाग असली तरी आमचं मत तिलाच.

‘टोइंग’ (बंद पडलेली बोट ओढून नेणं) नावाचं जोडकव्हर याच्या जागी धरू नका. ते करारातल्या टो बोटींच्या भरवशावर चालतं, आणि मॅकेंझीवर फोर्ट प्रॉव्हिडन्सच्या खाली अशी बोट कोण पाठवणार? सॅटेलाइट यंत्रावरचं एसओएस बटण आणि कोस्ट गार्ड, दोन्ही माणसांसाठी. बोट ही मालकाचीच डोकेदुखी.

हद्दीचं कलम शब्द न् शब्द वाचा. ‘कॅनडातील अंतर्गत जलमार्ग’ एवढंच असेल तर मॅकेंझी चालेल, पण तिच्या मुखापुढचा ब्यूफोर्ट समुद्र त्यात येत नाही. डॉसनच्या पुढे ईगलला गेलात की अलास्का लागतं, तिथे अमेरिकेचं कव्हर हवं. शक्य असेल तर नदीचं नाव आणि टप्पा पॉलिसीच्या जोडपत्रात लिहून घ्या.

हिवाळी बंद काळावर, म्हणजे बोट पाण्याबाहेर आणि तिचं पाण्यातलं कव्हर बंद असतं त्या महिन्यांवर, सवलत मिळते, आणि तिथेच माणूस फसतो. ग्रेट स्लेव्हवर जूनपर्यंत बर्फ असतो, म्हणून जूनच्या मध्यापर्यंत बोट बंद दाखवायला हरकत नाही. पण सप्टेंबर सोडू नका. मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीचा हंगाम तेव्हाच, आणि मोठ्या सरोवरावर वादळंही तेव्हाच. वाऱ्याने बेटावर चार दिवस अडकवलं आणि तारीख उलटली, तर बोट पाण्यात आणि विमा बंद, अशी गत होते.

जेट मोटर (पंख्याऐवजी पंपाने पाणी मागे फेकून बोट ढकलणारी) असेल तर वेगळी सावधगिरी. पंप खडी ओढतो, इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) कडा झिजतात, आणि झीज कोणतीच पॉलिसी भरून देत नाही. अचानक बसलेला दगडाचा फटका पॉलिसीत बसू शकतो, पण तो झिजेपासून वेगळा दाखवायचा कसा? हंगामाच्या सुरुवातीला इनटेकची (पाणी आत ओढणाऱ्या तोंडाची) जाळी काढून इम्पेलरचे तारखेसह फोटो काढून ठेवा. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरसमोर तेवढाच पुरावा कामाला येतो.

आणखी एक गंमत. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये (ग्रेट स्लेव्ह आणि मॅकेंझीच्या प्रदेशात) बोट चालवायला कायद्याने ऑपरेटर कार्ड, म्हणजे बोट चालवण्याचं प्रमाणपत्र, लागत नाही, युकॉनमध्ये लागतं. विमा कंपनी मात्र दोन्हीकडे मागू शकते, म्हणून दक्षिणेतल्या एडमंटनहून बोट ओढत नेणाऱ्यांनी कार्ड जवळ ठेवलेलंच बरं. पाहुण्यांकडून भाडं घेतलंत तर खासगी पॉलिसी हात वर करते. पेट्रोलचा खर्च वाटून घेणंही चालतं का, तेही विचारून घ्या.

मोटर गाळाच्या पाण्यात बुडाली तर ‘कंपनी काय म्हणते ते बघू’ म्हणत थांबू नका. नुकसान वाढू नये म्हणून केलेला वाजवी खर्च मागता येतो, हातावर हात धरून बसलात तर वाढलेलं नुकसान तुमच्याच माथी येतं. प्लग काढून पाणी बाहेर काढा, सिलिंडरमध्ये तेल सोडा, फोटो आणि जीपीएसची जागा नोंदवा, सॅटेलाइटवरून ब्रोकरला निरोप धाडा. त्याने आधी कधी तोंडी ‘हो, चालतं’ म्हटलेलं असेल तर तेही आधीच ईमेलवर घेतलेलं हवं.