एस्टीमला टर्बो लावून आठ-नऊ महिने: टर्बो ठीक आहे हो, पाइप बघा

"सील गेलीत, कोअर बदलायला लागेल" हे वाक्य मी एकाच दुकानात दोनदा ऐकलं, आणि दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा पहिल्या कोअरचं बिल अजून गाडीच्या कप्प्यातच होतं, म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, आणि कोअर म्हणजे त्याचा मधला शाफ्ट-बेअरिंगचा भाग. दुकानाचं नाव देत नाही. गाडी २००३ ची एस्टीम व्हीएक्सआय, १३०० चं १६ व्हॉल्व्हवालं इंजिन, ८५ बीएचपी, बाकी तुम्हाला माहितीच आहे. अंगाने हलकी आहे म्हणून तर नाद लागला. टर्बो चायना कॉपी, जीटी१५ च्या साइजचा. बूस्ट, म्हणजे टर्बो वातावरणापेक्षा वर देतो तो दाब, ०.४ बार, त्याच्यावर जायचं नाही हे आधीच ठरवलेलं, कारण आतले पिस्टन कंपनीचेच आहेत आणि कॉम्प्रेशन रेशो साडेनऊच्या आसपास, टर्बोसाठी तो जास्तच.

टर्बो निवडताना सगळे म्हणत होते स्विफ्ट डिझेलचा लाव, भंगारात पडलेत. नाही घेतला. तो छोटा आहे, खालून लवकर उचलतो पण वर गेलं की दम टाकतो, आणि डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ८०० डिग्रीपर्यंत जातो तर पेट्रोलचा जोरात चालवली की ९०० च्या वर, त्या उष्णतेसाठी ते हाऊसिंग बनवलेलंच नसतं. तरी लोक लावतात आणि काहींचे चालतातही, चालू देत.

आता धुराची गोष्ट. गाडी आयडलला उभी राहिली की सायलेन्सरमधून निळा धूर, चालत असताना जवळपास काहीच नाही. दुकानवाला म्हणाला चायना माल आहे, सील गेलं. कोअर बदलला, पैसे दिले, आठवड्यात धूर परत. पुन्हा गेलो तर तेच उत्तर, वर "ओरिजिनल घ्या मग गॅरंटी देतो". तिथे मी गाडी काढून घेतली आणि कोल्हापुरात उद्यमनगरात मॅनिफोल्ड (इंजिनचा एक्झॉस्ट टर्बोकडे नेणारा पाइप) ज्यांच्याकडे बनवला त्या लेथवाल्या काकांकडे नेली. काकांनी खाली वाकून बॅटरी मारली आणि म्हणाले, तेल जाणार कुठं रे ह्यातनं? टर्बोतून चेंबरला (इंजिनखालचं तेलाचं भांडं) जाणारा तेलाचा रिटर्न पाइप फिटिंगवाल्याने क्रॉसमेंबरच्या खालून वळवून परत वर नेला होता, आणि चेंबरला निप्पल मारली होती ती तेलाच्या लेव्हलच्या खाली!

हे कोणी नीट सांगत नाही म्हणून सांगतो. टर्बोच्या शाफ्टला आपल्या क्रँकसारखं रबरी ऑइल सील नसतंच, पिस्टन रिंगसारखी बारीक कडी असते. साचलेलं तेल ती अडवू शकत नाही, तेल सतत वाहून गेलं तरच ती काम करते. वरून तेल येतं पंपाच्या प्रेशरने, खाली जायचं मात्र फक्त उतारावर, आणि फेसाळून जातं म्हणून पाइप जाड हवा. मोरी तुंबली की पाणी घरात येतं तसं तेल मग टर्बाइनच्या बाजूला उतरतं, तोच तुमचा निळा धूर. माझा पाइप आतून ८ एमएम होता, आता १४ चा आहे, सरळ खाली उतरतो आणि चेंबरला तेलाच्या लेव्हलच्या वर जोडलाय. ब्रीदरही (इंजिनातला गॅस बाहेर सोडणारी नळी) साफ केला, कारण ब्लो-बायचं, म्हणजे पिस्टनच्या बाजूने निसटलेल्या गॅसचं, प्रेशर चेंबरमध्ये साठलं की तेल खाली यायला तयारच होत नाही. एकूण खर्च एका कोअरच्या दहाव्या हिश्शाएवढाही नाही. तोच चायना टर्बो आजही चालतोय, शाफ्टचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताने बघितला, ठीक आहे. म्हणजे एक चांगला कोअर फुकट गेला आणि दुकानवाला अजून तेच वाक्य दुसऱ्या कोणाला तरी ऐकवत असेल.

मॅनिफोल्डसाठी सगळ्यांना एसएस ३०४ स्टेनलेस पाहिजे असतं, चमकतं म्हणून. काकांनी साधे लोखंडी शेड्यूल ४० चे एल्बो घ्यायला लावले, जाड, जड आणि दिसायला भिकार. स्टेनलेस तापल्यावर लोखंडापेक्षा जवळपास दीडपट फुगतं, पातळ पाइप असला की वेल्डला चिरा जातात. माझ्या मॅनिफोल्डला गंज चढलाय पण अजून एक चीर नाही.

ईसीयूवर (पेट्रोल आणि स्पार्क ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर) पैसे घालायचे नाहीत असं माझं ठाम मत होतं, ते बदललं. कंपनीचा मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो, पुढे बूस्ट आला तरी ईसीयूला काही कळत नाही, पेट्रोल तेवढंच आणि स्पार्कचं टायमिंगही तेवढंच पुढे, मग नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं) आणि पिस्टनचं भोक. म्हणून स्पीडुइनो नावाचा ईसीयू लावला, ओपन सोर्स आहे, स्वस्त पडतो, पण सोल्डरिंग आणि ट्यूनिंगला वेळ देता आला तरच. सोबत एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा वाइडबँड सेन्सर, तो कुठल्याही परिस्थितीत टाळू नका, आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आहे. नुसत्या पेट्रोलचा हिशोब एका भागाला १४.७ भाग हवेचा, ई२० ला तोच साधारण साडेतेराचा, त्यामुळे जुने आकडे डोक्यात ठेवून ट्यून केली तर गाडी लीन चालते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. लॅम्बडात बघायची सवय लावा, तिथे इंधन कुठलंही असो, १ म्हणजे बरोबर प्रमाण. प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा), एनजीकेमध्ये ६ चा ७, आणि गॅप ०.७ एमएम.

इंटरकूलरचंही (टर्बोने तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) असंच. गावात फिरताना मला तो बोजा वाटायचा, हा रिव्ह्यू लिहायला घेतला तेव्हाही "नसला तरी चालेल" असंच लिहिणार होतो. मधल्या रविवारी आंबोली चढलो, मेच्या उन्हात, एसी चालू, चार माणसं. वर इनटेकचं तापमान बघून ते वाक्य खोडलं. भंगारातून डिझेल गाडीचा घ्या, पण घ्या. आतलं जुनं तेल मात्र धुऊन काढा.

कायद्याचंही ऐकून घ्या. गाडीत असे बदल करण्याविरुद्ध मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही मूळ स्पेसिफिकेशन बदलायला नाही म्हटलंय. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला क्लेम नाकारू शकतो. मी हे माहीत असून चालवतो, तुमचं तुम्ही बघा.

अ‍ॅव्हरेज शांतपणे चालवली तर फारसं पडलेलं नाही, पण शांतपणे चालवणं होतंय कुठे. क्लच मात्र आता तिसऱ्यात चढावर सटकायला लागलाय, आरपीएम वर जातो आणि गाडी तिथेच. वेस्टगेटची (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) रॉड सैल करून बूस्ट ०.३ वर आणायचा की क्लचची प्रेशर प्लेट बदलायची ठरत नाहीये. जिप्सीची प्लेट काही न कापता बसते का, कोणी स्वतः बसवली असेल तरच सांगा, ऐकीव नको.