सोया चंक्स की टोफू? दोन्ही भरपूर खाऊन झाल्यावर माझं मत

सोया खायचं हे एकदा ठरलं की पुढचा प्रश्न लगेच येतो, चंक्स घ्यायचे की टोफू. प्रोटीन कशाला लागतं, किती लागतं वगैरे इथे लिहीत बसत नाही, इथपर्यंत आलात म्हणजे ते तुम्हाला माहीत असणारच. मी आधी सात-आठ महिने फक्त चंक्स खाल्ले, मग टोफूवर आलो आणि गेलं दीड वर्ष तिथेच आहे. दोन्हींबद्दल मला जे वाटतं ते सांगतो, शेवटी प्रत्येकाचं पोट वेगळं हे धरूनच वाचा.

चंक्सकडे मी वळलो ते पाकिटावरचा आकडा बघून. 100 ग्रॅमला 50-52 ग्रॅम प्रोटीन, आणि शेजारी टोफूच्या पाकिटावर 12 ते 15. असे दोन आकडे समोर आले की कुणीही चंक्सच उचलेल. पण तो आकडा कोरड्या चंक्सचा असतो हो, आणि कोरडे चंक्स कुणी खात नाही. भिजले की ते वजनाला अडीच-तीन पट होतात, म्हणजे ताटात वाढलेल्या 100 ग्रॅम चंक्समध्ये प्रोटीन 17 ते 20 च्या आसपासच. घट्ट टोफू त्याच्या थोडासाच खाली. साधा हिशेब करायचा तर 30 ग्रॅम कोरडे चंक्स आणि 110-120 ग्रॅमचा घट्ट टोफूचा तुकडा, दोन्हीकडून साधारण 15 ग्रॅम प्रोटीन मिळतं. (सिल्कन म्हणजे मऊ, लिबलिबीत टोफू यात धरू नका, त्यात पाणीच जास्त, प्रोटीन निम्म्याहून कमी.) प्रोटीनचा दर्जा म्हणाल तर दाणा एकच आहे, सगळी आवश्यक अमिनो आम्लं (प्रोटीनचे घटक) दोन्हीत आहेत, त्यांतलं मिथिओनिन जरा कमी पडतं पण दिवसभरात धान्य पोटात जात असेल तर त्याची चिंता नको.

खरा फरक आहे तो दाण्यातलं काय ठेवलं आणि काय काढलं याचा. चंक्स म्हणजे तेल काढून घेतलेलं सोया पीठ, ते उष्णता आणि दाब देऊन मशीनमधून काढलेलं. त्यामुळे फॅट जवळजवळ नाही आणि फायबर मात्र भरपूर. टोफूचं बरोबर उलटं, दाणे भिजवून वाटायचे, दूध गाळायचं, ते फाडायचं आणि दाबून वडी पाडायची. चोथा गाळण्यातच जातो म्हणून फायबर नावालाच, पण तेल राहतं. ते तेल वाईट नाही, त्यात ओमेगा-6 जास्त असलं तरी वनस्पतीतून मिळणारं ओमेगा-3 पण थोडं असतं. ज्याला कॅलरी काटेकोर मोजायच्यात त्याला चंक्स सोयीचे पडतील हे मी मान्य करतो, आणि फायबरच्या बाबतीत तर चंक्स सरळ पुढे आहेत, त्यात वादच नाही.

आता मला ज्या गोष्टीने चंक्स सोडायला लावले ती सांगतो. पोट. दुपारी एकला जेवायचो आणि पाचच्या सुमाराला पोट असं डब्ब व्हायचं की बसल्या जागी पट्टा एक भोक सैल करावा लागायचा. दुखायचं नाही, जळजळ नाही, नुसतं तट्ट फुगलेलं, आणि मग संध्याकाळभर गॅस. चारचौघांत बसायचं असेल तर काय अवस्था होते ते ज्याला झालंय त्यालाच कळेल. सुरुवातीला मला वाटलं जेवण जास्त होतंय, मग वाटलं मसाला बाधतोय, मग पाणी कमी पितोय, एकेक करून सगळं बदलून बघितलं. शेवटी एक आठवडा चंक्स बंद केले आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजले, सहा वाजले, पोट आपलं शांत. परत सुरू केले, परत तेच. मी काही मोजमाप केलं नाही पण असं दोन-तीनदा करून बघितल्यावर मला शंका उरली नाही.

याचं कारण काही गूढ नाही. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, त्या तोडायला लागणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतंच. त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात, तिथले बॅक्टेरिया त्यावर तुटून पडतात आणि गॅस तयार होतो. तिथपर्यंत पोचायला काही तास जातात म्हणून दुपारचं जेवण संध्याकाळी बोलतं. आपल्याकडे वातूळ म्हणतात ते हेच. चंक्स बनवताना पिठातलं तेल काढलं जातं, पण या साखरा बऱ्याचशा तिथेच राहतात. टोफूत मात्र दही जमल्यावर वरचं पाणी दाबून काढून टाकतात आणि या साखरा पाण्यात विरघळणाऱ्या असल्याने त्या पाण्याबरोबर बऱ्याच निघून जातात.

हे कळल्यावर मी चंक्स धुवायला लागलो, आणि खरं सांगायचं तर फरक पडला. गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायचे, मग मूठभर घेऊन जोर लावून पिळायचे. पहिल्या पिळण्याला बोटांतून पिवळसर पाणी येतं आणि त्यावर साबणासारखा फेस, सोबत तो कच्चट उग्र वास. दुसऱ्यांदा भिजवलं की पाणी जरा निवळ, तिसऱ्यांदा जवळपास स्वच्छ. तिसऱ्या पिळण्यानंतर पोट फुगणं निम्म्यावर आलं माझं. पण रोज जेवणाआधी अर्धा तास हे करायचं, वर मनगटं भरून यायची, आणि एखाद दिवशी घाईत एकच पाणी काढलं की संध्याकाळ गेलीच. टोफूचं हे पिळण्याचं काम बनवणाऱ्याने आधीच केलेलं असतं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

अर्थात सगळ्यांना असं होत नाही. माझा एक मित्र रोज 50 ग्रॅम चंक्स खातो आणि त्याला काही म्हणजे काही होत नाही. हळूहळू वाढवत नेलं तर पोटाला सवय होते असंही बऱ्याच जणांचं होतं, आणि याच साखरा आतड्यातल्या चांगल्या बॅक्टेरियांचं खाद्य आहेत हेही खरं. माझ्या पोटाला आठ महिन्यांत सवय झाली नाही, एवढंच मी सांगू शकतो.

सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात ही भीती प्रत्येक वेळी निघते, तर त्यात चंक्स आणि टोफू असा भेद करायला फार जागा नाही. आयसोफ्लेव्होन नावाची सोयातली नैसर्गिक द्रव्यं दोन्हीत असतात, रचनेने ते इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखे दिसतात पण काम खूप कमी ताकदीने करतात. पुरुषांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा 2010 मध्ये घेतला होता आणि पुन्हा 2021 मध्ये, दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही. 2008 मध्ये एका 60 वर्षांच्या माणसाची केस छापून आली होती, त्याची छाती वाढून दुखायला लागली होती, ती अजून सगळीकडे फिरते. पण तो माणूस रोज पावणेतीन लिटरच्या आसपास सोया मिल्क पीत होता आणि बंद केल्यावर त्याचा त्रास गेला. कुठलीही गोष्ट इतकी प्यायली तर काहीतरी होणारच ना. मी रोज एकदाच सोया खातो आणि मला वाटतं तेवढं पुरे.

फायद्याची बाजूही जरा जपूनच घ्या. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 1999 मध्ये रोज 25 ग्रॅम सोया प्रोटीन हृदयाला चांगलं असं लेबलवर लिहायची परवानगी दिली होती आणि 2017 मध्ये पुरावा पुरेसा एकसारखा नाही म्हणून ती मागे घ्यायचा प्रस्तावही त्यांनीच आणला. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल कमी होतं पण थोडं, 3-4 टक्क्यांच्या घरात. औषध समजून खाऊ नका, चांगलं अन्न म्हणून खा.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर मात्र लक्ष द्या, सोया ती गोळी नीट शोषू देत नाही. ताईची गोळी सकाळी असते, तिला डॉक्टरांनी गोळी आणि सोया यात चांगलं काही तासांचं अंतर ठेवायला सांगितलंय, ती दुपारी खाते, काही अडचण नाही. सोयातल्या फायटेट नावाच्या द्रव्यामुळे लोह आणि झिंकही कमी शोषलं जातं, त्यासाठी वरून लिंबू पिळलं की लोहापुरती तरी मदत होते. आणि बी-12 दोन्हीत नाही, ते दुसरीकडून बघावंच लागेल.

चंक्स कुणी घ्यावेत? ज्याचं पोट दणकट आहे, ज्याला फॅट नको आणि फायबर हवंय, ज्याला फ्रीजची सोय नाही कारण चंक्स डब्यात महिनोन्‌महिने टिकतात, त्याने खुशाल घ्यावेत. टोफू उघडला की पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, तीन-चार दिवसांत संपवा, हा त्याचा व्याप आहेच आणि विसरलं की वरून बुळबुळीत होतो, माझे दोन ठोकळे असे गेलेत.

तरी आज कुणी मला विचारलं तर मी आधी टोफू आणून बघा म्हणेन. घेताना फक्त पाकीट उलटून घटक वाचा. कॅल्शियम सल्फेटने फाडलेला असेल तर 100 ग्रॅममागे 200-300 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कॅल्शियम मिळू शकतं, मॅग्नेशियम क्लोराइड म्हणजे निगारीने फाडलेल्यात बरंच कमी. दूध बंद करून सोयावर येणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे, आणि मी पहिले दोन महिने हे न वाचताच निगारीवाला आणत होतो.