गोधडीचं ऑनलाइन दुकान, नऊ महिन्यांनंतर: विषय चांगला, पण आधी मापाचा टेप हातात घ्या

या मंगळवारी सकाळी माझ्या कुरियरच्या वॉलेटमधून १,५९५ रुपये कापले गेले. कारण एका ओळीत दिलं होतं: वजनातला फरक. अकरा पार्सलं, प्रत्येकी १४५ रुपये. मी भरलेलं वजन २ किलो, त्यांच्या मशीनने धरलेलं साडेचार. गोधडी तीच, डबा तोच, माझ्या काट्यावर डब्यासकट १,८२० ग्रॅम. त्या रागातच हे लिहायला बसले. पण राग बाजूला ठेवला तरी हे सांगायचंच होतं, कारण ‘ऑनलाइन दुकानासाठी कोणता विषय निवडू’ असं मला आठवड्याला दोघी-तिघी तरी विचारतात, आणि जे मला कुणी सांगितलं नाही ते त्यांना तरी कळावं.

दुकान कसं उघडायचं, पेमेंट गेटवे कसा जोडायचा, सीओडी म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

मी कराडची. जून २०२५ मध्ये विषय शोधत होते. त्याआधी एका ऑनलाइन वर्गाला पाच हजार रुपये भरले होते. तिथे शंभर ‘नफ्याच्या विषयांची’ यादी मिळाली: मोबाइल कव्हर, कुत्र्यांचे पट्टे, योगाच्या चटया. यादीतल्या प्रत्येक नावापुढे मागणी किती ते होतं. वस्तू केवढ्या डब्यात जाते आणि परत आली तर किती रुपये बुडतात, हे एकाही नावापुढे नव्हतं. ते पाच हजार वाया गेले असंच मी धरते.

मग स्वतः डोकं चालवलं. पहिला विचार कोल्हापुरी चपलेचा. त्याच जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि इथे एकच गदारोळ उठला. गूगल ट्रेंड्सवर आलेख असा उभा चढला की मी जवळजवळ ऑर्डरच देणार होते. पण ट्रेंड्सचा आकडा म्हणजे शोधांची संख्या नव्हे. निवडलेल्या काळातल्या सगळ्यात उंच टोकाला १०० धरून बाकीचे दिवस त्याच्या प्रमाणात दाखवतात. एका बातमीने टोक वर गेलं की बाकी सगळं वर्ष सपाट दिसतं, आणि त्या सपाट भागातच आपल्याला दुकान चालवायचं असतं. शिवाय चपलेला मापं आली, मापं आली की परती आल्या. मसाल्यांचा विचार एफएसएसएआय (खाद्यपदार्थ विकायला लागणारा परवाना) आणि मुदतीच्या तारखा बघून सोडला.

गोधडी सुचली ती घरातूनच. सासूबाई वाकळ शिवतात, गल्लीतल्या चार काकूंच्या हाताला धावदोऱ्याची सवय आहे, बोहारणीकडे जुन्या सुती साड्या मिळतात आणि नव्या सुती कापडासाठी इचलकरंजी दूर नाही. माप एकच, पाच बाय सात फूट. मोडत नाही, सडत नाही, मुदत संपत नाही. गोधडी म्हणजे रजई नव्हे हे ज्यांना कळतं ते थेट नाव टाकून शोधतात, आणि इंग्रजी अक्षरांत तेच नाव लोक तीन-चार प्रकारे लिहितात. ती सगळी स्पेलिंगं मी वस्तूच्या वर्णनात घातली. कुठल्याही जाहिरातीपेक्षा या एका कामाने जास्त गिऱ्हाईक आणलं. विषय म्हणून गोधडीला मी आजही पाचपैकी साडेतीन देते. उरलेला दीड गुण व्हॉल्युमेट्रिक वजनाने खाल्ला, आणि त्याबद्दल सविस्तरच लिहायला हवं.

कुरियरवाले दोन वजनं बघतात. एक काट्यावरचं. दुसरं व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. यातलं जे जास्त, त्याचे पैसे, आणि तेही अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने वर सरकवून. मी सुरुवातीला गोधडीची छान घडी घालायची, बबल रॅपमध्ये गुंडाळायची आणि कुरियरच्या पिशवीत सरकवायची. ती पिशवी झाली ४० बाय ३६ बाय १५. गुणा: २१,६००. भागिले ५०००: ४.३२. म्हणजे साडेचार किलोचा टप्पा. पावणेदोन किलोच्या वस्तूला साडेचार किलोचं भाडं, २९० रुपये.

आता माझ्या वहीतला हिशेब बघा. गोधडीची किंमत १,८५०. त्यातून ५ टक्के जीएसटी काढला की उरतात १,७६२. (२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या सुती गोधड्यांना ५ टक्के आहे. आधी ही सवलत फक्त हजारापर्यंत होती, वर १२ टक्के. ऐन थंडीच्या तोंडावर ते बदललं, नाहीतर मी दुकान दिवाळीतच बंद केलं असतं.) कापड ४२०: आत दोन धुतलेल्या जुन्या सुती साड्या, वरखाली नवं पॉपलिन. शिलाई ८००. पॅकिंगचे ३८. गेटवेचे ४४. भाडं २९०. जाहिरात सरासरी १५०. हातात राहिले २० रुपये. आठ-दहा दिवस बसून शिवलेल्या एका गोधडीमागे वीस रुपये.

शिलाईत काटकसर करा असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. ते मी करणार नाही. काकूंच्या बोटांना टोचलेल्या सुया मी रोज बघते.

आणि हा वीसचा हिशेब पार्सल पोचलं तर. नोव्हेंबरमध्ये सीओडीच्या, म्हणजे पार्सल हातात पडल्यावर पैसे द्यायच्या, चाळीस ऑर्डरी गेल्या, त्यातल्या नऊ आरटीओ होऊन, म्हणजे गिऱ्हाइकाने न घेताच, परत आल्या. कुणी फोन उचलला नाही, कुणी दारातून नको म्हणालं. जाण्याचे २९० आणि येण्याचे २६०, एका परतीला ५५०. नवांचे ४,९५०. पोचलेल्या एकतीसांनी मिळवून दिले ६२०. ज्या महिन्यात सगळ्यात जास्त विक्री झाली त्याच महिन्यात सगळ्यात जास्त तोटा झाला. त्यात परत आलेल्या नऊ गोधड्यांच्या जाहिरातीचा खर्च धरायचा राहिलाच आहे.

डिसेंबरमध्ये हवा काढायच्या पिशव्या आणल्या, साठ रुपयाला एक. गोधडी पापडासारखी चपटी झाली, मी खूश. पण वाटेत कुठेतरी पिशवीला टाचणीएवढं भोक पडतं आणि ती पोटातून फुगते. हबमध्ये मशीन मोजतं ते त्या फुगलेल्या पोटाचं माप. वर गिऱ्हाइकांनी फोटो पाठवले: गोधडीला चुण्या पडलेल्या, कोंदट वास. पिशव्यांचे पैसे गेलेच, दोन गोधड्या धुऊन परत पाठवाव्या लागल्या.

एके दिवशी सासूबाई माझ्याशेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, “अगं, ती फुगवून कशाला पाठवतीस? गाठोडं बांधतात तशी बांध की. गुडघा दे आणि नाडा आवळ.”

म्हटलं, “अहो आई, गिऱ्हाइकाला गाठोडं कसं द्यायचं?”

“मग डब्यात घाल. पण आधी आवळ.”

त्यांनीच करून दाखवलं. गोधडी लांबीत तीनदा दुमडली, आडवी चारदा, वर गुडघा टेकवून हवा काढली आणि उरलेल्या पॉपलिनची दोन बोटं रुंद पट्टी अधिक चिन्हासारखी आवळून गाठ मारली. मी टेप लावला. मग कराडातल्याच एका डबेवाल्याकडून मापाचा तीन थरांचा पुठ्ठ्याचा डबा करून घेतला: ३६ बाय २७ बाय १०. गुणाकार ९,७२०. भागिले ५०००: १.९४. दोन किलोच्या आत! उंची १० च्या जागी ११ झाली असती तर अडीच किलोचा टप्पा लागला असता. त्या एका सेंटिमीटरसाठी मी डबेवाल्याकडे तीन खेपा घातल्या. भाडं २९० वरून १४५ वर आलं आणि गोधडीमागे हातात २० ऐवजी १६५ राहू लागले. डब्याला बाजू सरळ असतात, त्यामुळे मशीनलाही खरं तर फुगवटा सापडायला नको.

म्हणून मी म्हणते, विषय निवडताना ती वस्तू आधी डब्यात घालून बघा. नाव, लोगो, इन्स्टाग्राम सगळं नंतर. उशी, लोड, कंदील, बांबूच्या टोपल्या, भरलेली खेळणी मनात असेल तर विक्रीची किंमत ठरवायच्या आधी मापं गुणून ५००० ने भागा. बाळाच्या दुपट्याचं बघा: ४०० ग्रॅम, डबा २६ बाय २० बाय ४.५, व्हॉल्युमेट्रिक ०.४६८. अर्ध्या किलोत बसतं, ६२ रुपयांत जातं, आणि बाळं बारा महिने जन्मतात. मोठी गोधडी फेब्रुवारीनंतर हलत नाही. दुपट्यांनी माझं मार्च-एप्रिलचं वीजबिल आणि काकूंची मजुरी काढली.

इथपर्यंत मंगळवारी लिहिलं होतं. आता शुक्रवार आहे, आणि मधल्या दिवसांत माझं एक मत बदललं, ते खोडून नव्याने लिहिते.

साडेतीन गुण मी दिले ते तयार गोधडीला. पण जानेवारीपासून माझ्याकडे दुसरंच काम वाढतंय आणि त्याचा हिशेब मी या आठवड्यात पहिल्यांदा वेगळा मांडला. बाणेरच्या एका ताईंनी विचारलं होतं, आईच्या साड्यांची गोधडी करून द्याल का? आई गेल्याला वर्ष झालं होतं. तीन सुती साड्या आल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, मध्ये डांबराच्या गोळ्या. एका साडीच्या पदराला हळदीचा डाग होता. मी फोन केला, डाग आतल्या थरात घालते म्हटलं. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “तो वर ठेवा. कोपऱ्यात, हाताला लागेल असा.” काकूंनी तो तुकडा चौकोनी कापला नाही, डागाच्या भोवतीने धावदोरा फिरवत नेला.

या कामाचा हिशेब असा: २,२०० घेते, सगळे आगाऊ. जीएसटी जाऊन २,०९५. शिलाईचे ९००, कारण जुनं कापड सांभाळून शिवावं लागतं. साड्या येण्याचे आणि गोधडी जाण्याचे मिळून भाड्याचे २५५. गेटवे ५२, डबा ३८. हातात ८५०. जाहिरात शून्य, कारण एकीची बघून दुसरी येते. कापड विकत घ्यायचं नाही, माल साठवायचा नाही. आणि आजवर अशा सेहेचाळीस गोधड्या गेल्या, एकही परत आली नाही. आपल्या आजीची साडी दारातून कोण परत पाठवेल?

तयार गोधडीशी मी थंडीभर झगडत बसले आणि खरा विषय तिच्या शेजारीच होता, हे मला वहीत दोन रकाने आखल्यावर दिसलं. ‘गोधडी’ हा विषय फार मोठा आहे. ‘तुमच्याच साड्यांची गोधडी’ हा माझा विषय. पुढच्या थंडीसाठी तयार गोधड्या तीसच करणार आहे, सीओडी बंद. या नव्या कामाला साडेचार गुण. अर्धा गुण मी राखून ठेवलाय कारण शिवणाऱ्या चारच काकू आहेत, महिन्याला बारा-तेरापेक्षा जास्त होत नाहीत, आणि दुसऱ्याची आठवण मशीनखाली घालायला माझं मन घेत नाही. ज्यांना महिन्याला शंभर ऑर्डरींचा धंदा हवाय त्यांनी या वाटेला येऊ नये.

आता ते १,५९५ रुपये. कुरियरच्या वेबसाइटवर हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. पहिलं उत्तर ठरावीक साच्यातलं आलं, मशीनचं माप अंतिम आहे म्हणून. मी फोन केला. तिकडच्या मुलाने तीनदा होल्डवर ठेवलं. शेवटी म्हणाला, प्रत्येक पार्सलचे चार फोटो लागतील, तीन बाजूंना टेप लावलेला आणि एक काट्यावरचा, चारहींत पत्त्याचं लेबल दिसलं पाहिजे. डिसेंबरनंतर मी प्रत्येक डब्याचे फोटो काढते म्हणून निभावलं. अकराच्या अकरांचे चव्वेचाळीस फोटो चढवले. आज सकाळी नऊ पार्सलांचे १,३०५ परत आले. उरलेल्या दोनांचं कारण दिलंय की उंचीच्या फोटोत लेबल दिसत नाही. मी ते फोटो पुन्हा मोठे करून बघितले. लेबल डब्याच्या वरच्या बाजूला चिकटवलं होतं आणि टेप उभा धरला होता, त्यामुळे खरंच दिसत नाही. आजपासून लेबल डब्याच्या २७ बाय १० च्या बाजूला चिकटवतेय, म्हणजे लेबल आणि टेपवरचा दहाचा आकडा एकाच फोटोत येतो. त्या २९० साठी दुसरी हरकत टाकली आहे. सोमवारपर्यंत उत्तर येईल असं म्हणतात.