वानगी खरी, माल खोटा

मी टेरी टॉवेलच्या धंद्यातला माणूस. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे लूम आहेत. कुणी सॅम्पल पुढे ठेवलं की मी आधी गोल कटरने तुकडा कापून काट्यावर जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, ते बघतो. माल आला की गठ्ठ्याच्या मधला टॉवेल उपसून पुन्हा कापतो. सॅम्पल 500 चं आणि माल 430 चा, हा आमच्या लाइनीतला जुना रोग आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या तोंडी जे येईल ते मी स्वतःला कधीच म्हणून घेतलंय, हे लक्षात राहील.

जानेवारीत, गड्ड्याची जत्रा चालू असताना, मंगळवेढ्याकडे एका मित्राच्या शेतात हुरडा होता. आगटीभोवती दहा-बारा जण, शेंगाचटणी, गूळ, दही. मित्राच्या ओळखीच्या ओळखीने मुंबईचा एक गृहस्थ आला होता. पन्नाशीचा, साधा कुडता, हळू बोलणारा. गळ्यात सोन्याची साखळी वगैरे काही नाही. असती तर बरं झालं असतं, आम्ही सावध तरी झालो असतो.

खाणं झाल्यावर त्याने पिशवीतून क्युबन सिगारचा एक लाकडी बॉक्स काढला. 'मोंतेक्रिस्तो, 1958,' म्हणाला. म्हणजे कास्त्रोची क्रांती व्हायच्या आधीच्या वर्षीचा. दक्षिणेतल्या एका संस्थानिकाच्या वाड्यातून अशा चार पेट्या निघाल्या, त्यातली एक फोडलेली. मग त्याने गोष्ट सांगितली. फेब्रुवारी 1962 मध्ये केनेडींनी क्युबाच्या मालावर बंदी घातली, पण सहीच्या आदल्या दिवशी आपल्या प्रेस सेक्रेटरीला, सॅलिंजरना, वॉशिंग्टनमधून मिळतील तेवढे पेटिट उपमन सिगार गोळा करायला पाठवलं. बाराशे हाती लागल्यावर मगच सही केली. मी नंतर शोधलं, ही गोष्ट सॅलिंजरनी स्वतःच सांगून ठेवलेली आहे. या माणसाचं कसब तेच होतं. त्याची दहातली नऊ वाक्यं तपासली तर खरी निघायची.

त्याने फोडलेल्या पेटीतला एक सिगार घेतला, टोपीचा, म्हणजे ओठात धरायच्या बंद टोकाचा, अगदी पातळ काप काढला, काडीपेटी बाजूला सारून देवदाराची चिपाटी पेटवली आणि लांबूनच फिरवत फिरवत टोक शेकलं. मग आम्हा तिघांकडे दिला. मी, माझे मेव्हणे आणि एक सूतवाले मित्र. 'धूर गिळायचा नाही. तोंडात घोळवा नि सोडा.' आम्ही जन्मात सिगार ओढलेला नव्हता. त्याने सांगितलं, पहिल्या भागात गवत-लाकूड, मध्ये कॉफी, शेवटी मिरी. मेव्हणे डोळे मिटून म्हणाले, 'वळवाच्या पावसात भिजलेली कडब्याची गंजी.' तो माणूस एवढा खूश झाला की त्याने वहीत ते लिहून घेतलं! राख चांगली इंचभर टिकली, पडलीच नाही. अख्ख्या उभ्या पानांचा भराव असला की राख अशी धरून राहते, हेही त्यानेच सांगितलं. खोटं नाही सांगत, चव खरंच वेगळी होती. थंडी, आगटीची ऊब, पोटात हुरडा, आणि तोंडात 1958 साल. आम्ही गेलो कामातून.

मी फोडलेलीच पेटी मागितली. ती म्हणे पुण्याच्या पार्टीला दिलेली. आमच्यासाठी सीलबंद होती, पंचवीस नगांची. उघडून दाखवा म्हटलं तर हसला. 'शेठ, सील फोडलं की किंमत निम्मी.' पाच लाखांवरून तीन लाख साठ हजारांवर आला. तिघांनी एकेक लाख वीस हजार घातले. पैसे ज्या खात्यावर गेले ते त्याच्या नावावर नव्हतं, 'भाच्याचं आहे' म्हणाला. बिल नाही. त्यावर आमच्यातलं कुणी बोललं नाही, कारण बिल नसण्यात आमचाही फायदा आहे असं आम्हाला वाटत होतं. त्याला हेच हवं होतं. कस्टम न भरलेला माल घेतलाय असं मनात असलेला माणूस चौकीची पायरी चढत नाही.

जाता जाता सांगून गेला, 'प्रवासाने सिगार दमतो. तीन महिने बॉक्स उघडू नका.' प्रवासानंतर सिगारला विश्रांती देतात हे खरंच आहे. फक्त ती विश्रांती त्याला हवी होती. तीन महिन्यांत बँकेचा माग थंड होतो. पुढे मी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, तेव्हा कळलं की रक्कम अडवता येते ती पहिल्या काही तासांत. मी सत्त्याण्णव दिवसांनी करत होतो.

अक्षय तृतीयेला सील काढलं. बाहेर बेचाळीस अंश. पहिलाच सिगार ओढायला धड नाही, धूर तिखट, राख दुसऱ्या झुरक्याला मांडीवर. मी दोष दिला सोलापूरच्या हवेला. सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ओठ फुटतात. बरं, दक्षिणेतल्या वाड्यातल्या कपाटात साठहून जास्त वर्षं पडलेला सिगार एवढा गुळगुळीत राहिलाच कसा, तो किड्याने कसा खाल्ला नाही, हा प्रश्न तेव्हाही सुचला नाही.

तो अम्माला सुचला. आम्ही पूर्व भागातले पद्मशाली, घरात तेलुगू, दारात मराठी. माझे आजोबा लुंगी विणायचे आणि चुट्टा, म्हणजे गावठी सिगार, ओढायचे. अम्माने पस्तीस वर्षं विड्या वळल्या, दिवसाला हजार. डोळ्यांना आता कमी दिसतं, पण बोटं आणि नाक शाबूत. तिने अर्धवट विझलेला सिगार उचलला, नाकाशी धरला, 'एंदिरा इदि?', काय रे हे, म्हणाली आणि मी नको नको म्हणेपर्यंत नखाने उभा चिरला. आत उभी पानं नव्हतीच. जर्दा होता, चुरा. चिमटीत घेऊन चोळला. 'बिडीचा आहे. तोही चाळून उरलेला. हा माल घेऊन गेले असते तर विड्या जमा करून घेणाऱ्या ब्रँचवाल्याने सगळा छाट काढला असता, नापास करून परत दिला असता.' मग विचारलं, 'केवढ्याला?' मी बाराशे म्हणालो. तेवढ्यालाही ती दोन दिवस बोलली नाही.

उरलेला भ्रम आमच्या जर्मन गिऱ्हाइकाच्या माणसाने घालवला. सिगार ओढणारा. त्याला भेट द्यायची म्हणून तर मी या भानगडीत पडलो होतो. त्याने आतले सिगार पाहिलेसुद्धा नाहीत. बॉक्स उलटा केला आणि बोट ठेवलं. तळाला तापलेल्या छापाने तीन ओळी उमटवल्या होत्या: 'आबानोस एस.ए.', 'एचो एन कुबा', 'तोतालमेंते आ मानो'. पहिली ओळ म्हणजे क्युबाच्या सिगारांची विक्री करणारी कंपनी, ती 1994 ची. दुसरी, म्हणजे 'क्युबात बनवलेला', 1961 पासूनची. त्याआधी पेट्यांवर इंग्रजीत 'मेड इन हवाना–क्युबा' असायचं. तिसरी, 'संपूर्ण हाताने', 1989 पासून. 1958 च्या पेटीवर तिन्ही. म्हणजे 1947 च्या सातबाऱ्यावर आधार नंबर! बनवणाऱ्याने कुठली तरी आजची पेटी समोर ठेवून इमानाने नक्कल केली होती.

आणि हुरड्याला ओढलेला? त्याची कागदी पट्टी मी पाकिटात जपून ठेवली होती. ती बघून तो म्हणाला, हा बहुधा अस्सल, पण आजच्या काळातला, दुकानात मिळतो तो. म्हणजे तीन लाख साठ हजारांसाठी त्याने एक खरा सिगार खर्च केला होता. मार्केट यार्डात याला वानगी म्हणतात. पोत्याच्या तोंडाशी शरबती, तळाशी भुसा.

पोलिसांत गेलो. मेव्हणे आले नाहीत, सूतवाले म्हणाले, 'जाऊ दे बे, हसतील लोक.' हसले, पण तक्रार लिहून घेतली. आता 420 नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. खातं कुणा तिऱ्हाइताचं निघालं, भाड्याने दिलेलं. पुढे काही नाही.

तुम्हाला कुणी असं काही चाखवलं तर चाखा, पण जी पेटी चाखवली तीच मागा, किंवा सीलबंद पेटीचा तळ त्याच्यासमोर उलटा करा आणि फोटो काढा. फोटोला नको म्हणाला की उठा.

अम्मा आता रिकाम्या बॉक्समध्ये सुपारी आणि अडकित्ता ठेवते. लाकूड बरं आहे म्हणते.

परवा बार्शीच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. त्यांच्याकडे कुणीतरी 'जुना क्युबन' चाखवून गेलाय, सीलबंद पेटीचं बोलणं चालू आहे. मी सगळं सांगितलं, तळाचा फोटो पाठवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, 'ते बरोबर आहे हो, पण चव काय होती म्हणता!'