एफआयआरनंतर स्वतःहून फोन करणाऱ्या ‘वकिला’पासून सावध राहा

माझ्या मोठ्या बहिणीचे निवृत्तीचे पैसे एका गुंतवणूक योजनेत बुडाले. गुन्हा नोंदवल्यावर थोड्याच दिवसांत तिला एका माणसाचा फोन आला. “मॅडम, पोलीस आरोपीला आत टाकतील, पण तुमचे पैसे परत आणायचे तर दिवाणी दावाच लावावा लागेल. मी दिवाणीच बघतो.” ताईचं नाव, पोलीस ठाणं, एफआयआरचा नंबर, सगळं त्याला तोंडपाठ. तिचा विश्वास बसला तो त्यामुळेच. पण ही माहिती मिळवायला वकील असावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकल्या जातात. तिथून त्या कोणालाही वाचता येतात.

त्याचं बोलणं पटण्यासारखंही होतं. फौजदारी खटला सरकार चालवतं, सरकारी वकील सरकारची बाजू मांडतो आणि फसलेला माणूस तिथे बहुतेक वेळा नुसता साक्षीदार असतो. स्वतःच्या पैशासाठी स्वतंत्र दिवाणी दावा लावता येतो, हे खरंच आहे. अशा अर्ध्या खऱ्या बोलण्यावरच या लोकांचं सगळं चालतं.

“फी आत्ता नको, वसुलीतले वीस टक्के द्या. फक्त कोर्ट फीचे पैसे पाठवा,” असं तो म्हणाला. वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला स्वतः फोन करून पक्षकार गोळा करता येत नाहीत आणि वसुलीत टक्केवारीही ठरवता येत नाही. म्हणजे पहिल्याच फोनमध्ये दोन नियम मोडले गेले होते. हे आधी माहीत असतं तर ताईने तिथेच फोन ठेवला असता.

पैसे त्याच्या खासगी खात्यात गेले. मग शिक्के मारलेल्या कागदांचे फोटो येऊ लागले. केस नंबर विचारला की “अजून नंबर पडायचाय” किंवा “साहेब रजेवर आहेत” हेच उत्तर. वकीलपत्रावर मात्र त्याने ताईची सही घेतलीच नव्हती. मला संशय आला तो यावरून, कारण वकीलपत्राशिवाय वकील आपल्या वतीने कोर्टात उभा राहतोच कसा? ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर ताईच्या नावाने शोधलं, तर दावाच नाही. दाखल झालेल्या प्रत्येक दाव्याला १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो, आणि तो टाकला की पुढची तारीख कोणालाही मोबाइलवर दिसते. राज्य बार कौन्सिलकडे त्याच्या सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, चौकशी केली, तर त्या नावाचा वकीलच नव्हता. बार कौन्सिलला कारवाई करता येते ती सनद असलेल्या वकिलावर. हा तर वकीलच नाही, म्हणून आम्हाला पुन्हा पोलिसांतच जावं लागलं.

पैशापेक्षा मला जास्त लागलं ते वाया गेलेल्या वेळेचं. पैसे वसुलीच्या दाव्याला मुदत कायद्यानुसार साधारण ३ वर्षं मिळतात. फसवणुकीत ती मुदत फसवणूक उघड झाल्यापासून मोजतात. एफआयआर झाली, तपास सुरू आहे, म्हणून ती थांबत नाही. “नंबर पडायचाय” ऐकत बसलेल्या माणसाचा दावाच मुदतबाह्य होऊ शकतो. पोलीस बघतायत ना, असं म्हणत थांबलेल्यांचंही तेच होतं, आणि हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता ताईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून वकील मिळाल्या आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग आणि कमी उत्पन्न असलेले यांनाही मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे. या बाईंनी पहिल्या भेटीत कसलंही आश्वासन दिलं नाही. बँकेचे उतारे आणि योजनेच्या पावत्या मागितल्या, वकीलपत्रावर सही घेतली आणि स्पष्ट सांगितलं: डिक्री, म्हणजे दाव्यात आपल्या बाजूने कोर्टाचा हुकूम, मिळाली तरी वसुलीसाठी वेगळी दरखास्त (अर्ज) करावी लागते, आणि तोवर समोरच्याने मालमत्ता विकली तर हातात नुसता कागद राहतो. म्हणून दाव्यासोबतच त्यांनी निकालाआधी जप्तीचा अर्ज दिला. त्यावर आता सुनावणी व्हायची आहे.